अनुभव धागा : समुद्रावरचे काहीच न घडलेले दिवस

समुद्र म्हटलं की लोक वादळाचंच विचारतात. नौदलातले अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ ला 'म्हादेई' ही शिडाची बोट घेऊन मुंबईहून एकटे निघाले आणि कुठल्याही बंदरात न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून ३१ मार्च २०१३ ला परतले. दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी असलेल्या वादळी केप हॉर्नचं वर्णन सगळ्यांना हवं असतं. पण पाच महिन्यांत अधलेमधले मंगळवार-बुधवारही आलेच ना? ते इथे लिहा. शिडाची बोट, मालवाहू जहाज, मचवा, काहीही चालेल. डॉल्फिन दिसले, एवढ्यावर भागवू नका.

कुलाबा :
मुंबई ते सेशेल्स, शिडाची बोट, आम्ही तिघं. जानेवारीत ईशान्येचा वारा मिळतो. शिडं एकदा नीट बसली की त्यांना फारसा हात लावावा लागत नाही. तीन तास पाळी, सहा तास सुट्टी. सुकाणू ऑटोपायलटकडे. मग करायचं काय, तर दोर बघायचे. शीड वर ओढणारा दोर डोलकाठीच्या टोकाशी कप्पीवर एकाच जागी घासत राहतो. रोज दोन बोटं ढील दिली की घासायची जागा बदलते. नाही दिली तर आधी लव उठते, मग वरचं वेष्टण उसवतं, आणि एखाद्या रात्री शीड धाडकन खाली. दिवस रिकामे जातात ते या किरकिऱ्या कामामुळेच, असं माझं मत.

विषुववृत्ताजवळ वारा पडला, ते मात्र वाईट. वारा नाही, पण लांबून आलेली लाट आहेच. बोट डुलते आणि दर हेलकाव्याला शीड फटॅक करून आपटतं. झोपेतही तेच. शेवटी उतरवूनच ठेवलं. डिझेल मोजकं, त्यामुळे इंजिन फक्त बॅटरी चार्ज करण्यापुरतं.

मुलुंड (घरून) :
नवरा बोटीवर, मी ट्रॅकरवर. नकाशावर ठिपके सारख्या अंतराने पडले की सगळं ठीक, एवढं मला कळायचं. विषुववृत्तापाशी ते एकमेकांना चिकटायला लागले, तर सासूबाईंनी देव पाण्यात ठेवले! नंतर सॅटेलाइट फोन आला. मिनिटामिनिटाचे पैसे, आणि ह्यांनी विचारलं काय, तर गॅसचा नंबर लावलास का.

दादर :
मी मालवाहू जहाजावर. पश्चिमेला जाताना दर १५ रेखांशांना घड्याळ तासभर मागे, म्हणजे तो दिवस २५ तासांचा. जादा तास एकाच्याच डोक्यावर नको म्हणून तिन्ही वॉचमध्ये, म्हणजे पाळ्यांमध्ये, वीस-वीस मिनिटं वाटून घेतात. पूर्वेला येताना पाळी आखूड, पण झोपही तेवढीच कापली जाते.

वर्सोवा :
वारा पडला ही तुमची कटकट. आमच्या बोटीला इंजिन आहे. जाळ्यात म्हावरं नाही, तो आमचा काहीच न घडलेला दिवस. डिझेल जळतं, बर्फ विरघळतो आणि तांडेलाशी, म्हणजे बोटीच्या म्होरक्याशी, बोलायला कोणी जात नाही.

बोरिवली :
कुलाबावाले, फ्रिज नव्हता का? खायचात काय?

कुलाबा :
नव्हता. कांदे-बटाटे जाळीत टांगलेले. रोज हात घालून मऊ लागलेला काढायचा, नाहीतर शेजारचेही जातात. अंडी आधी फ्रिजमध्ये न ठेवलेली घ्यायची आणि दर एक-दोन दिवसांनी उलटी करायची, जास्त टिकतात. खिचडी प्रेशर कुकरात, कारण बोट कलली तरी सांडत नाही. लिंबाच्या लोणच्याची शेवटची फोड कोणी खाल्ली यावरून मात्र आमच्यात अबोला झाला होता. दोघांना अजून माझाच संशय आहे.