'मुस्लिम शास्त्रज्ञ' की 'अरब शास्त्रज्ञ'? हुनैनचं काय करू?

मृण्मयी_क
दिवाळी अंकासाठी एक लेख मराठीत आणतेय. विषय नवव्या शतकातलं बगदाद, शेवटी अकराव्या शतकापर्यंत येतो. मूळ इंग्रजीत जिथे तिथे 'इस्लामिक सायंटिस्ट्स'. मी बिनधास्त 'मुस्लिम शास्त्रज्ञ' ठोकलं. संपादकबाईंनी समासात तांबड्या पेनाने विचारलंय, "हुनैन ख्रिश्चन ना?"

होताच. हुनैन इब्न इसहाक, गॅलेनचं ग्रीक वैद्यक सिरियाक आणि अरबीत आणणारा, नेस्टोरियन ख्रिश्चन. साबित इब्न कुर्रा तर हर्रानचा साबियन, म्हणजे मुसलमानही नव्हे, ख्रिश्चनही नव्हे. म्हणून 'अरब शास्त्रज्ञ' केलं, तर अल-ख्वारिज्मी, इब्न सीना, बिरूनी हे मध्य आशियातले, यांतला अरब कोण? 'अरबीत लिहिणारे शास्त्रज्ञ' बरोबर आहे, पण शीर्षकात बसत नाही. शिवाय लेखात 'टॉलरन्स' पाच वेळा आलाय, तिथे 'सहिष्णुता' लिहिताना हात अडखळतोय. सुचवा.

अण्णा_सातारकर
'इस्लामी' लिहा आणि मोकळ्या व्हा. आपण मराठा आरमार म्हणतो, त्यात दौलतखान होताच की.

रेघोट्या
'इस्लामी' धर्माला चिकटतं हो. इस्लामी कायदा ठीक. 'इस्लामी बीजगणित' म्हटलं की नमाजाच्या वेळा मोजल्यासारखं वाटतं. हॉजसन नावाच्या अमेरिकन इतिहासकाराने यासाठीच 'इस्लामिकेट' शब्द घडवला होता. धर्म वेगळा, त्याच्या छायेतली संस्कृती वेगळी.

अण्णा_सातारकर
इस्लामिकेट! इलेक्ट्रिकच्या दुकानात मागायची वस्तू वाटते. आणि नमाजाच्या वेळा खरंच मोजायचे. दमास्कसच्या उमय्यद मशिदीत इब्न अल-शातिर याच कामावर होता, चौदाव्या शतकात. त्याची चंद्राच्या गतीची मांडणी आणि पुढे कोपर्निकसने दिलेली जवळजवळ एकच आहे.

वामन_शु
परकी शब्दांची भीक कशाला? मराठीत 'यवन' आहे. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो यावनी शब्द काढायलाच.

देवनागरीण
वामनराव, 'यवन' मुळात आयोनियाचा ग्रीक. तुमच्या हिशोबाने 'यवन शास्त्रज्ञ' म्हणजे गॅलेन झाला, हुनैन नव्हे. वराहमिहिराने तर लिहून ठेवलंय की यवन म्लेच्छ खरे, पण हे ज्योतिषशास्त्र त्यांच्याकडे चांगलं वसलंय, म्हणून तेही ऋषींसारखे पूजले जातात. सहिष्णुता म्हणा, काही म्हणा.

वामन_शु
शब्दाचा अर्थ रूढीने ठरतो. मराठीत यवन म्हणजे मुसलमान. विषय संपला.

देवनागरीण
रूढी चालते तर मग 'परकी शब्दांची भीक' का चालत नाही? 'विषय' तेवढा संस्कृत आहे, अभिनंदन.

खालची_आळी
शब्दांच्या या सोवळ्यावरून आठवलं. आमचे आजोबा पंचांग बघायचे. कद नेसून, पाटावर बसून वर्षफल सांगताना म्हणायचे, "मुंथा अष्टमात, शनीशी इत्थशाल, बघू." मोठेपणी कळलं, हे ताजिक ज्योतिष, अरबी-फारसी वाटेने आपल्याकडे आलेलं, आणि दोन्ही शब्द अरबी. इत्थशाल म्हणजे इत्तिसाल, जोडणी. मुंथा म्हणजे मुंतहा, जिथे शेवट होतो ती जागा. शिवाशिवीच्या घरात देवघरासमोर अस्सल अरबी चालू होती आणि आजीला वाटायचं संस्कृत आहे.

गणिताच्या_बाई
उलट प्रवासही झालाय. मी एका तासाला 'वर्तुळाची जीवा' शिकवते, दुसऱ्या तासाला त्याच मुलांना 'साइन थीटा'. शब्द तोच! आपली ज्या किंवा जीवा बगदादला जाऊन 'जीबा' झाली. लिहिताना स्वर गाळायची सवय, त्यामुळे वाचणाऱ्याने 'जैब' वाचलं, म्हणजे अंगरख्याचा गळा, खिसा. बाराव्या शतकात लॅटिनवाल्यांनी त्याचं प्रामाणिक भाषांतर केलं: सायनस, वस्त्राचा घोळ. (साइन अर्ध्या जीवेची, हे माहीत आहे, कुणी दुरुस्त करू नका.) हिंदीतली 'जेब' तीच. आपला खिसा मात्र फारसी 'कीसा'.

वामन_शु
म्हणजे सगळं आपलंच. त्यांनी फक्त शिक्का मारला.

गणिताच्या_बाई
ख्वारिज्मीने शिक्का नाही मारला, हे हिंदूंचं गणित आहे असं सांगूनच पुस्तक लिहिलं. आणि इब्न अल-हैथमचं प्रकाशशास्त्र कुठून आपलं? डोळ्यातून किरण निघतात आणि वस्तूला शिवतात असं युक्लिड-टॉलेमी मानायचे. याने अंधाऱ्या खोलीत, भोकातून आत येणाऱ्या उजेडावर प्रयोग करून उलटं दाखवलं, उजेडच डोळ्यात येतो.

मस्कतकर
मी ओमानला बारा वर्षं साइटवर. माझ्या ओळखपत्रावर 'मुहंदिस', म्हणजे इंजिनीअर. मूळ शब्द 'हंदसा', भूमिती. तो आला फारसी 'अंदाजा'वरून, आणि तोच आपला अंदाज. माझा मुकादम म्हणतो, "साहेब, तुमचा धंदाच अंदाजाचा."

मृण्मयी_क
सुंदर, पण शीर्षक? आणि सहिष्णुता?

देवनागरीण
'सहिष्णुता'त सहन करणं आहे, सासू सुनेला सोसते तसं. काही ठिकाणी तेच नेमकं आहे. ज्यू-ख्रिश्चनांना 'जिम्मी' म्हणत. आपला 'जिम्मा' तोच. तुमचा जिम्मा आमचा, बदल्यात जिझिया द्या. हक्क नव्हे, हमी. लिहा 'हमी'.

रेघोट्या
आणि जिम्मा घेणारा बदलला की? मैमोनिडीस हा तत्त्वज्ञ स्पेनमधल्या कॉर्डोबात जन्मला, ज्यू. अल-मोहदांनी, म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या कट्टर मुस्लिम राजवटीने, ११४८ मध्ये शहर घेतलं आणि त्याच्या घरच्यांना गाव सोडावं लागलं. पण तो पोचला कुठे, तर कैरोला, आणि पुढे तिथल्याच अय्यूबी या मुस्लिम घराण्याच्या दरबारचा वैद्य झाला. एकाच वाक्यात 'सहिष्णु' आणि 'असहिष्णु' दोन्ही लिहावं लागेल.

अण्णा_सातारकर
दोन दरबारांचा हिशोब एका शब्दात कशाला? 'त्या काळी चालवून घेत' लिहा. आई म्हणायची तसं.

वामन_शु
चालवून घेणं ही घरगुती भाषा झाली, लेखाची नव्हे.

मृण्मयी_क
अंक छपाईला गेला. शीर्षक झालं 'बगदादचे शास्त्रज्ञ'. सहिष्णुता पाचपैकी दोन ठिकाणी राहिली, एकदा 'हमी', दोनदा वाक्यच बदललं.

वामन_शु
बगदादचे? बिरूनी गझनीला होता. त्याचं काय केलंत?

मृण्मयी_क
काढला. शेवटचं पान जाहिरातीला गेलं.

गणिताच्या_बाई
@खालची_आळी, आजोबांच्या वहीत 'ईसराफ' (इत्थशालाच्या उलट, ग्रहांची जोडणी सुटणं) असेल तर फोटो टाका ना. मूळ अरबी 'इन्सिराफ'चा 'न' कुठे गळाला ते बघायचंय.