समुद्रातला उपसा आणि गिरणेतले वाळूगट: नकाशा सगळ्यांना दिसायला हवा का?

तापीकाठ (भुसावळ)

वाढवण बंदराचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ ला झालं. डहाणूजवळ समुद्रात १,४४८ हेक्टरवर भराव पडणार आहे आणि त्यासाठी लागणारी वाळू दमणजवळच्या समुद्रतळातून उपसून आणायची आहे. खान्देशात वाळू म्हटली की गिरणा, तापी, पांझरा डोळ्यांसमोर येतात, पण वाद तोच आहे. वाळू कुठून उचलली, किती उचलली आणि हे कोणाला पाहता येतं?

माझं मत सरळ आहे. नदीत असो की समुद्रात, उपशाच्या प्रत्येक जागेचा नकाशा सर्वांसाठी खुला असावा. तोही नुसता ठिपक्यांचा नको. हद्द, खोली, तारखा, परवानगी किती, प्रत्यक्ष उचल किती, आणि उपसलेला माल कुठे नेऊन टाकला, एवढं त्यात हवंच.

ठिपका का पुरत नाही, ते सांगतो. समुद्रातला उपसा तीन कारणांनी होतो. जहाजांसाठी नवा मार्ग खोल करायचा, तो एकदा. मग त्याच मार्गात साचणारा गाळ काढत राहायचा, तो वर्षानुवर्षे. आणि भरावासाठी किंवा बांधकामासाठी वाळू काढायची. पहिल्या दोन्हींत काढलेला गाळ बहुतेक वेळा समुद्रातच दुसरीकडे टाकतात, म्हणजे बाधित जागा दोन झाल्या. तिसऱ्यात तळाला खड्डा राहतो आणि तो भरेलच याची खात्री नसते. युरोपात एमोडनेट नावाचा सामायिक सागरी माहितीसाठा आहे. तिथे ड्रेजिंगच्या, म्हणजे समुद्रतळ उपसण्याच्या, जागा ठिपक्यांनी दाखवल्या आहेत. देशोदेशीची माहिती एकत्र दिसते हे मोठं काम आहे, पण एका ठिपक्यामागे किती क्षेत्र आहे हे त्या खुणेवरून कळत नाही. सागरी क्षेत्र नियोजन, म्हणजे समुद्रातली कोणती जागा कशासाठी ते ठरवणं, हे काम करणाऱ्याला मासेमारी, केबल, तेलवाहिन्या, जहाजमार्ग हे सगळं एकमेकांवर ठेवून पाहायचं असतं. ठिपक्यावर काय ठेवणार?

ब्रिटनने १९९३ पासून वाळू उपसणाऱ्या जहाजांवर नोंदयंत्र सक्तीचं केलं. जहाज कुठे होतं आणि उपसा कधी चालू होता याची नोंद त्यात आपोआप होते. त्यावरून दरवर्षी परवानगीचं क्षेत्र किती आणि खरोखर उपसलेलं किती, हे जाहीर होतं. खरं उपसलेलं क्षेत्र परवानगीच्या मानाने बरंच लहान असतं. हा फरक कोळ्यांना कळणं फार मोलाचं आहे.

आप्पा (एरंडोल)

भाऊ, तुमनं म्हननं अर्धं पटस. बाकीचं मराठीत लिहितो, सगळ्यांना कळू दे.

माझे दोन डंपर आहेत. लिलावातला माल, पावती असल्याशिवाय गाडी हलवत नाही. खुला नकाशा म्हणजे ज्याने लिलाव घेतला त्याचीच हद्द जगाला दिसणार. गावातला प्रत्येक पुढारी मोबाइल घेऊन त्याच्याच वाळूगटावर, म्हणजे लिलावातल्या पट्ट्यावर, उभा राहील. रात्री पलीकडच्या पात्रात ज्याचे ट्रॅक्टर उतरतात त्याचा नकाशात पत्ताच नसतो. नियम पाळणारा उघडा पडतो आणि चोर झाकलेला राहतो. मला नकाशा नको असं नाही, पण तो तहसीलदार आणि खनिकर्म विभागाकडे असावा.

पांझरा (धुळे)

आप्पांशी सहमत नाही, पण मूळ लेखाशीही नाही. माझा आक्षेप वेगळा आहे.

नियोजनाच्या नकाशावर एखादा चौकोन 'उपसा क्षेत्र' म्हणून रंगवला की पुढची वीस वर्षं ती जागा उपशाचीच धरली जाते. कोळ्याची जागा मात्र कुठेच रंगवलेली नसते, कारण तिचा सातबारा नसतो. मग टेबलावर बसलेल्याला समुद्र रिकामा दिसतो. केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये समुद्रातल्या खनिजांच्या १३ ब्लॉकचा, म्हणजे आखून दिलेल्या क्षेत्रांचा, लिलाव काढला. त्यात केरळच्या किनाऱ्यासमोरचे बांधकाम वाळूचे ब्लॉक होते आणि तिथले मच्छीमार रस्त्यावर उतरले. त्या ब्लॉकच्या हद्दी कागदावर होत्या, नकाशाही होता. नकाशा होता म्हणून अन्याय टळला का?

हॅलसँड्सचं उदाहरण घ्या. इंग्लंडमधल्या डेव्हन किनाऱ्यावरचं कोळ्यांचं गाव. प्लिमथच्या नौदल गोदीच्या विस्तारासाठी १८९७ पासून तिथल्या किनाऱ्यासमोरची वाळू-गोटे काढले. लाटा नवीन वाळू आणून टाकतील असं लोकांना सांगितलं. तसं झालं नाही, किनारा खचत गेला. उपसा १९०२ ला थांबवला, तरी जानेवारी १९१७ च्या वादळात गाव समुद्राने नेलं. कुठून काढताय हे तिथल्या माणसांना रोज दिसत होतं. माहितीची कमतरता नव्हती, नाही म्हणायचा अधिकार नव्हता.

तापीकाठ (भुसावळ)

पांझरा, हॅलसँड्सबद्दल तुमचं खरं आहे. पण ते माझ्याच बाजूचं उदाहरण वाटतं. तिथे जागा दिसत होती, पण किती काढलं आणि किनाऱ्याची पातळी किती उतरली याची आकडेवारी गावाच्या हातात वेळेवर नव्हती. 'वाळू परत येईल' हे वाक्य खोडायला मोजमापच लागतं. आपल्याकडे वाळूची पुनर्भरण पाहणी २०२० च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत याचसाठी आली. पावसाळ्याआधी आणि नंतर पात्र मोजायचं आणि जेवढं भरलं त्याच्या आत उचल ठेवायची.

केरळबद्दलही तेच. मच्छीमार लिलावाच्या टप्प्यावरच उठू शकले, कारण ब्लॉक कुठे आहेत हे त्यांना कळलं होतं.

आप्पा, तहसीलमध्ये ठेवलेला नकाशा गावाला दिसत नाही, म्हणून तर रात्रीचा ट्रॅक्टर चालतो. हद्द माहीत असेल तर हद्दीबाहेरचा खड्डा कोणालाही ओळखता येतो. तुमच्या गटाची हद्द खुली झाली तर ती तुमचा बचाव आहे.

खलाशी (मूळ शहादा, सध्या गुजरात किनारा)

मी ड्रेजरवर, म्हणजे उपसा करणाऱ्या जहाजावर, काम करतो म्हणून थोडं सांगतो. आमच्या जहाजाच्या बाजूने लांब नळी तळापर्यंत सोडतात, पंपाने पाण्यासकट वाळू पोटात घेतात आणि वरचं गढूळ पाणी परत समुद्रात जातं. तो गढूळपणा ओहोटी-भरतीबरोबर पसरतो. खंबातच्या आखातात भरतीचा जोर इतका आहे की सकाळी एका बाजूला दिसणारा पट्टा संध्याकाळी दुसरीकडे असतो. म्हणजे हद्द कितीही नेमकी आखा, परिणाम तेवढ्यातच राहत नाही. नकाशावर फक्त उपशाची चौकट दाखवली तर कोळ्याची दिशाभूलच होईल. गढूळ पट्टा आणि माल टाकायची जागा, दोन्ही वेगळ्या रंगांत हव्यात.

दुसरं, माहिती गोळा करणं अवघड आहे असं कोणी म्हणत असेल तर ते चूक. आम्ही कुठे आहोत, नळी किती खोल आहे, पोटात किती भरलं, हे सगळं जहाजावर नोंदलं जातंच. समुद्राखालून गॅसवाहिन्या सुरतजवळच्या हजिऱ्याला येतात, त्यामुळे जागेचं भान राखल्याशिवाय काम करताच येत नाही. प्रश्न ती नोंद कोणाला मिळते एवढाच आहे.

केळीबाग (रावेर)

दादा लोकांनो, समुद्राचं बोलणं वाचलं. मला आमच्या हतनूरचं विचारायचं आहे. धरणाला ४१ दरवाजे आहेत, पण गाळाने साठा कमी होत चालला आहे आणि पूर्णा दरवर्षी आणखी माती आणून टाकते. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' २०१७ पासून ऐकतो. गाळ शेतात टाकायला आम्हाला हवाच आहे. पण जेसीबी उतरतो तो कोरड्या काठावर, मधल्या पाण्याखालचा थर तसाच. मग कागदावर इतके घनमीटर काढले असं दिसतं आणि साठा किती वाढला ते कोणी सांगत नाही. इथलं धड होत नसताना समुद्राच्या नकाशावर एवढी चर्चा कशाला?

तापीकाठ (भुसावळ)

ताई, दोन्ही एकाच तापी नदीचं आहे. खाली गुजरातमध्ये उकाईचं धरण १९७२ ला झालं, तेव्हापासून आपल्याकडून वाहत जाणारी जाड वाळू बरीचशी तिथेच अडते. समुद्राला नदीकडून वाळू कमी मिळते आणि समुद्रातून वाळू काढायची मागणी मात्र वाढते. एका खोऱ्याची वजाबाकी दोन कार्यालयांत वेगवेगळी मांडली तर उत्तर कधीच जुळणार नाही. हतनूरसाठी तुम्ही मागताय तेही खोलीचं मोजमापच आहे, काढण्याआधीचं आणि नंतरचं.

पांझरा (धुळे)

मोजमापाला माझा विरोध नाही. क्रम बदला एवढंच म्हणतो. आधी कोळी, भोई, पाण्याच्या विहिरी, माशांच्या विणीच्या जागा नोंदवा आणि उपशाची चौकट सगळ्यात शेवटी येऊ द्या. त्यातही अडचण आहे. चांगली मासेमारीची जागा कोळी नकाशावर सांगणार नाही, कारण उद्या मोठे ट्रॉलर तिथे येतील. त्याला जागा नेमकी न दाखवता हक्क नोंदवायची सोय द्यावी लागेल. पुद्दुचेरी आणि लक्षद्वीपला नॉर्वेच्या मदतीने जे सागरी नियोजन हाती घेतलं, ते आपल्या किनाऱ्यावर यायच्या आत हा मुद्दा कोणीतरी लावून धरला पाहिजे.

आप्पा (एरंडोल)

हद्द खुली करा, चालेल. पण मग त्यात तारखेचा रकाना सक्तीचा करा. पावसाळ्यात उपसा बंद असतो, तेव्हाही पोकलेन पात्रात दिसतं. तारीख असेल तर निदान ते माझ्या नावावर लागणार नाही. आणि आकडे ब्रासमध्ये द्या. घनमीटर आमच्या गावात कोणी मोजत नाही, आणि लोकांनी तपासायचं असेल तर त्यांना कळेल असं लिहा.