विषय: आईला टेनबरीचा मिसलटोचा लिलाव दाखवायचाय

नमस्कार मंडळी,
आई रत्नागिरीहून आली आहे, जानेवारीपर्यंत इथेच आहे. बर्मिंगहॅमच्या ख्रिसमस मार्केटातली गर्दी तिला सोसली नाही. म्हणाली, एखाद्या लहान गावातला नाताळ दाखव. इंग्लंडमधल्याच टेनबरी वेल्स गावात मिसलटोचा, म्हणजे नाताळात घरोघरी टांगतात त्या हिरव्या जुड्यांचा, लिलाव होतो ना? काकू, तुम्ही त्याच भागात राहता. पंचाहत्तरीच्या बाईला झेपेल का?

---

अरे, अवश्य आण त्यांना. झेपेल, फक्त पायांत जाड मोजे आणि गमबूट हवेत. सगळं उघड्यावर, ओल्या गवतात असतं.

नोव्हेंबरअखेरीपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंतच्या काही मंगळवारी लिलाव होतात. तारखा तेवढ्या आधी बघून घे. पूर्वी शंभरावर वर्षं ते गावातल्या गुरांच्या बाजारात होत. आता टीम नदीच्या पुलापलीकडे बर्फर्ड हाउसच्या आवारात होतात. मिसलटोच्या आणि हॉलीच्या (काटेरी पानांचं, लाल फळांचं झुडूप) मोळ्या जमिनीवर रांगांनी मांडलेल्या असतात. लिलाव पुकारणारा रांगेतून चालत जातो आणि घेणारे त्याच्या मागे. मिसलटोला पांढरी फळं भरघोस असतील तर भाव चढतो. फळं फक्त मादी झाडालाच धरतात.

आईंना आधीच सांगून ठेव, मिसलटो म्हणजे बांडगूळच. आपल्याकडे ते आंब्यावर येतं, इथे सफरचंदावर. बी इतकं चिकट की पाखरांमुळे फांदीवर जाऊन बसतं आणि तिथेच रुजतं. आपल्याकडे हे काम फुलटोच्या करतो, इथे मिसल थ्रश. वाढू दिलं तर झाड खंगतं, म्हणून बागायतदाराला ते दरवर्षी छाटावंच लागतं. छाटलेल्याचे चार पैसे झाले तर जुनी बाग राखायला त्याला हुरूप येतो. म्हणून मी दरवर्षी एक जुडी विकतच घेते. घरी मात्र उंच टांगा, फळं विषारी असतात. लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.

नंतर गावात जरूर या. १८५८ सालचा गोल बाजार बघा, खाटकाकडे टर्कीच्या ऑर्डरी नोंदवायला लागलेली रांग बघा. आणि काहीतरी खरेदी तिथेच करा. २४ नोव्हेंबर २०२४ ला बर्ट वादळात ओढ्याची भिंत कोसळली आणि ऐन नाताळच्या तोंडावर दुकानांत पाणी शिरलं. गिऱ्हाईक आलं की त्या लोकांना खरंच बरं वाटतं. चारच्या सुमारास अंधारायला लागतं, तेव्हा सकाळीच निघा. गावाला रेल्वे नाही. गाडीने येणार नसाल तर लडलो स्टेशनवर उतरा, मी न्यायला येते.

— काकू

---

काकू, काल जाऊन आलो. आई दोन तास उभी होती, बस म्हटलं तरी बसेना. एका म्हाताऱ्या बागायतदाराला तिने माझ्याकडून विचारून घेतलं, फांदी कुठून कापता? त्याने खिशातली कात्री काढून दाखवलं. तिने हाताने कोयत्याची खूण केली, ती त्याला लगेच कळली. मग दोघं बराच वेळ एकेक मोळी उलटून बघत होते. मी नुसता बाजूला उभा.

जुडी घेतली, दारावर उंच टांगली. रात्री आईने दादाला फोन लावला. म्हणाली, "विहिरीजवळच्या हापूसवर बांडगूळ राहिलंय. मोहर यायच्या आत गडी लाव."