मामांचं किमो आणि शेक एकदमच द्यायचं का?

लीड्सहून, मूळची सोलापूरची

नमस्कार मंडळी, सोलापूरला माझ्या मामांना घशाचा कॅन्सर निघालाय. स्वरयंत्रावर गाठ आहे, मानेत पण एक हाताला लागते, तिसरी स्टेज म्हणतात. वय ५८, सगळी हयात यंत्रमागावर गेली आणि बिडी कधी सुटली नाही. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन न करता सात आठवडे शेक, म्हणजे रेडिएशन, आणि त्यातच किमो. मामी ऐकत नाही, आधी शेक होऊ दे, अंगात ताकद आली की मग किमो बघू म्हणायलीय, दोन्ही एकदम दिलं तर माणूस हातचा जाईल म्हणते. रोज व्हिडिओ कॉलवर हेच. कुणाच्या घरी झालंय का?

डॅलसहून, जुळे सोलापूर

ताई, आमच्या अप्पांचं चार वर्षांपूर्वी सोलापुरातच हेच झालं, म्हणून मोठं लिहितोय. मामींना एवढं सांगा की यातलं किमो हे शेकाला जोर यावा म्हणून असतं. सिस्प्लॅटिन नावाचं हे किमोचं औषध पेशीच्या डीएनएला चिकटतं, मग शेकानं झालेली मोडतोड कॅन्सरच्या पेशीला नीट दुरुस्त करता येत नाही, म्हणून दोन्ही त्याच दिवसांत पाहिजे, शेक संपल्यावर दिलं तर हा जोर मिळत नाही. २००३ साली अमेरिकेतला स्वरयंत्राच्या पेशंटांचा अभ्यास छापून आला, दोन वर्षांनी नुसता शेक घेतलेल्यांत शंभरात ७० जणांचं स्वरयंत्र शाबूत होतं, आधी किमो मग शेक असं केलेल्यांत ७५ आणि एकत्र घेतलेल्यांत ८८. फक्त गाठ स्वरयंत्राची कूर्चा, म्हणजे मऊ हाड, फोडून बाहेर गेली असेल तर बऱ्याचदा ऑपरेशनच सांगतात, ते स्कॅन बघून डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

पण मामींची भीती खोटी नाही हो. त्रास जास्त होतोच. अप्पांना ३५ शेक होते, सोमवार ते शुक्रवार, आणि सिस्प्लॅटिन पहिल्या, २२व्या आणि ४३व्या दिवशी. गरम पाण्यात मऊ केलेली जाळी चेहऱ्यावर दाबून साचा केला आणि रोज त्याच साच्यात डोकं टेबलाला अडकवायचे. पहिले दोन आठवडे माणूस चालत जायचा यायचा, आम्ही म्हणलं जमलं. चौथ्यात तोंड आतून सोललं, ज्या माणसाला शेंगाच्या चटणीशिवाय घास उतरत नव्हता तो ताकाच्या घोटाला डोळ्यातून पाणी काढायला लागला, वजन नऊ किलो उतरलं आणि आम्ही घरच्यांनीच ठरवलं की जरा दम घेऊ दे. आठ दिवस नेलं नाही. डॉक्टर फार रागावले, मधे खंड पडला की उरलेल्या पेशी जोरात वाढतात म्हणाले, मग शनिवारी पण बोलावून भरून काढलं. ते आठ दिवस मला अजून टोचतात. तुम्ही काही करा पण पाचव्या-सहाव्या आठवड्यात घरात एक खंबीर माणूस ठेवा.

बर्मिंगहॅमहून

मी इथे रेडिओथेरपी वॉर्डला नर्स होते, तेवढ्यावर लिहिते. सुरू व्हायच्या आधी दात दाखवा, काढायचे असतील ते आधीच काढून जखम भरू दे, शेकानंतर जबड्याचं हाड लवकर भरत नाही. किडनीची तपासणी आणि कानाची पण, सिस्प्लॅटिन दोन्हीला बाधतं, म्हणून त्या दिवशी सलाईन भरपूर चढवतात. किडनी साथ देत नसेल तर दुसरी औषधं आहेत, टाटा मेमोरियलनं २०२३ मधे डोसेटॅक्सेलचा अभ्यास छापलाय. नाकातून नळी घालू म्हणाले तर मामींनी घाबरू नये, वजन तिच्यावरच टिकतं, पण नळी असली तरी रोज थोडं गिळत राहायचं, नाहीतर गिळायची सवय मोडते. आणि बिडी आजपासून बंद, चालू ठेवली तर शेकाचा गुण कमी येतो.

लीड्सहून

तुमच्या दोघांचे मेल मामीला फोनवर वाचून दाखवले. आठ दिवसांचं ऐकून ती गप्पच बसली, मग म्हणाली ताकाचं परत वाच. बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल जवळ आहे, तिथे पण एकदा कागद दाखवून येतो म्हणालेत, दात सोमवारी बघणार. मी चौथ्या आठवड्याचं तिकीट काढलंय, तिथून शेवटच्या शेकापर्यंत राहणार. मुगाचं वरण मिक्सरमधून काढलं तर चालतं का, तेवढं सांगा.