पथदर्शी अभ्यासासाठी दीड-दोन लाखांचे अनुदान कोठे मिळेल?

नमस्कार. मी पुण्यातील एका वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रीरोग विभागात सहायक प्राध्यापक आहे. गरोदरपणात मधुमेह आढळलेल्या स्त्रिया प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी करायच्या ७५ ग्रॅम ग्लुकोजच्या तपासणीला (ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्तातील साखर मोजायची) येत नाहीत. बाळाची पेंटाव्हॅलंटची (पाच रोगांवरील एकत्रित लसीची) पहिली मात्रा त्याच सुमारास असते, तेव्हा दोन्ही कामे एकाच फेरीत उरकता येतील का, हे साठेक स्त्रियांच्या पथदर्शी अभ्यासातून पाहायचे आहे. अडचण अशी की तपासणी उपाशीपोटी करायची, म्हणजे अंगावर पाजणारी आई तान्ह्या बाळाला घेऊन दोन तास खोळंबणार. त्यामुळे प्रयोगशाळेच्या खर्चाइतकेच तिचे रिक्षाभाडे व नंतरचा नाश्ता मला महत्त्वाचा वाटतो.

आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) लघु बाह्य अनुदानाची, म्हणजे बाहेरच्या संस्थांतील संशोधकांना मिळणाऱ्या छोट्या अनुदानाची, मर्यादा २ कोटी रुपयांपर्यंत आहे, पण तेथे मांडायला माझ्यापाशी अद्याप प्राथमिक आकडेवारीच नाही. तिचीच वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठीची एसटीएस ही अल्पकालीन संशोधनाची योजना आणि एमडीच्या प्रबंधाचे साहाय्य यांत मी बसत नाही.

एवढी लहान रक्कम देणारे विद्यापीठ, न्यास किंवा डॉक्टरांची संघटना कोणाला अनुभवाने ठाऊक आहे का? नैतिकता समितीची मंजुरी अर्जाआधीच लागते का, आणि रुग्णांचा प्रवासखर्च अंदाजपत्रकात मान्य होतो का, हेही कृपया कळवावे.