खतखतं चालेल, तिरफळ हवं

कोणीतरी म्हटलंय की 'ॲव्हेंजर्स : डूम्सडे' या मार्व्हलच्या सिनेमात इतकी पात्रं कोंबलीत की खिचडीच होणार. मला गर्दीची भीती नाही. आमच्या गोव्याच्या खतखत्यात ढीगभर भाज्या पडतात. शिजायला वेळ घेणाऱ्या आधी, नाजूक मागून, आणि चवीला तिरफळ हा मसाला. २०१८ च्या 'इन्फिनिटी वॉर'मध्ये ते तिरफळ म्हणजे खलनायक थॅनोस होता. दिग्दर्शक तेच रुसो बंधू, म्हणून आशा.

माझी धास्ती वेगळी. खलनायक डॉक्टर डूमच्या भूमिकेत रॉबर्ट डाउनी ज्युनियर, म्हणजे आपला जुना आयर्न मॅन टोनी! मुखवटा काढून एकदा जरी टोनीसारखा मिश्कील हसला, की डूम संपला.

मार्च २०२५ मध्ये कलाकार जाहीर करणाऱ्या मार्व्हलच्या थेट प्रक्षेपणात पाच तासांहून जास्त वेळ नुसत्या खुर्च्यांवरची नावं वाचत बसलो होतो (गॅसवरचा भात करपला, आईची बोलणी वेगळी). 'एक्स-मेन'वाल्या पॅट्रिक स्टुअर्ट, इयन मॅकेलन यांची नावं दिसली तेव्हा मात्र अंगावर काटा आला. या म्हाताऱ्यांना दोन मिनिटांच्या हजेरीसाठी बोलावलं असेल तर राग येईल.

प्रदर्शन १८ डिसेंबर २०२६, शुक्रवार. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्तिदिन, म्हणजे रात्रीचा खेळ बिनधास्त. फोंड्याहून पणजीला कोण येतंय? गाडीत दोन जागा आहेत.