मदत हवी आहे : घडीचा फोन अर्धा मिटवून ओट्यावर ठेवला की आमच्या रेसिपी अ‍ॅपचा लेआउट गंडतो

नमस्कार मंडळी, मी आणि माझी बहीण मिळून पाककृतींचं एक छोटं अँड्रॉइड अ‍ॅप करतोय, कोटलिन ही भाषा आणि स्क्रीन रचायचं जेटपॅक कंपोज वापरून. साध्या फोनवर सगळं ठीक चाललं होतं. मग आत्याने पुस्तकासारखा उघडणारा घडीचा फोन घेतला आणि पहिल्याच आठवड्यात अ‍ॅप कुठे कुठे तुटतं ते समोर आलं.

आत्याची वापरायची पद्धत सांगते कारण खरा प्रश्न तिथेच आहे. कणिक मळताना फोन धरता येत नाही, म्हणून ती तो आडवा करून अर्धा मिटवते आणि लॅपटॉपसारखा ओट्यावर उभा करते. हे तिला कुणी शिकवलं नाही, तिचं तिलाच सुचलं, आणि मला ते इतकं आवडलं की अ‍ॅप याच पद्धतीसाठी नीट बसवायचं असं आम्ही ठरवलं. पण होतं काय की आम्ही मॅनिफेस्ट या सेटिंगच्या फाइलमध्ये पोर्ट्रेट, म्हणजे फक्त उभं, असं लॉक केलेलं होतं, त्यामुळे फोन आडवा केला की अ‍ॅप मधोमध एका अरुंद पट्टीत उभं राहायचं, दोन्ही बाजूंना काळं, आणि कृतीची एक ओळ नेमकी घडीवर.

लॉक काढला. घडीची माहिती देणाऱ्या विंडोमॅनेजर लायब्ररीच्या फोल्डिंगफीचरमध्ये स्टेट हाफ ओपन्ड, म्हणजे अर्धा उघडा, आलं की वर कृती नि खाली बटणं, असा लेआउट केला. आता ओट्यावर बरं दिसतं, पण आत्या रात्री अंथरुणात फोन पुस्तकासारखा थोडा मिटवून वाचते तेव्हाही स्क्रीन वर-खाली विभागली जाते, घडी मात्र उभी असते, म्हणजे दोन्ही भागांतून घडी जाते!

दुसरं, बाहेरच्या स्क्रीनवर सातव्या पायरीवर असताना फोन उघडला तर थेट पहिल्या पायरीवर जातं आणि टायमर शून्यावर. पुरणाची डाळ शिजत असताना हे झालं, आत्या काही बोलली नाही पण मलाच फार वाईट वाटलं.

तिसरं, बाहेरची स्क्रीन अरुंद, त्यात ‘साहित्याची यादी’ बटणावर दोन ओळींत तुटतं आणि रफार, वेलांट्या वरून कापल्या जातात. कुणी देवनागरीसाठी हे केलंय का?

प्रतिसाद :
तुमच्या आत्यांनी जे केलं त्याला डॉक्युमेंटेशनमध्ये टेबलटॉप पोश्चर (फोन ठेवायची ढब) म्हणतात, आणि अंथरुणातलं ते बुक पोश्चर. दोन्हीत स्टेट हाफ ओपन्डच येतं, फरक ओरिएंटेशनचा, म्हणजे घडी आडवी की उभी याचा. ती हॉरिझॉन्टल, म्हणजे आडवी, असेल तरच टेबलटॉप. फ्लिपसारख्या वरून खाली मिटणाऱ्या फोनवर मात्र फोन सरळ धरलेला असतानाच घडी आडवी येते, म्हणून फोन आडवा आहे का यावर काही ठरवू नका, घडीलाच विचारा. विभागायची जागा पण अर्धी उंची धरून काढू नका, फोल्डिंगफीचरचे बाउंड्स, म्हणजे घडीची नेमकी जागा, घ्या. ते विंडोच्या हिशोबाने येतात, तुमच्या कंपोजेबलच्या (स्क्रीनच्या त्या भागाच्या) नाही, वर टॉप बार असेल तर तेवढं वजा करावं लागतं, इथे मी दोन दिवस घालवलेत.

बटणं खाली ठेवलीत ते बरोबर केलंत, वरच्या अर्ध्या भागावर बोट दाबलं की फोन हलतो. बुकमध्ये डावीकडे साहित्य, उजवीकडे कृती, मधली रेघ घडीवर. मी तर पूर्ण उघडा असतानाही तसंच ठेवतो.

टायमरचं असं की उघड-मीट झाली की स्क्रीनचा आकार बदलतो आणि अ‍ॅक्टिव्हिटी (म्हणजे चालू स्क्रीन) नव्याने तयार होते, नुसतं रिमेंबरने लक्षात ठेवलेलं टिकत नाही. पायरी रिमेंबर-सेव्हेबलमध्ये टाका. टायमर अशा वेळीही टिकणाऱ्या व्ह्यूमॉडेलमध्ये, आणि उरलेले सेकंद साठवण्यापेक्षा संपायची वेळ साठवा. आणि पोर्ट्रेट लॉक परत लावू नका, टार्गेट एसडीके (कोणत्या अँड्रॉइडसाठी बनवलं तो आकडा) ३६ केलंत की अँड्रॉइड १६ वर ६०० डीपी (अँड्रॉइडचं स्क्रीनवरचं माप) आणि त्यापुढच्या स्क्रीनला तो तसाही लागू होत नाही.

अक्षरं कापली जातात कारण ओळीची उंची किंवा बटणाची उंची फिक्स असणार. बटणाला किमान उंची द्या, फिक्स नको. आणि तिथे नुसतं ‘साहित्य’ लिहा की.

मूळ लेखिका :
खूप खूप आभार! ओरिएंटेशन तपासलं आणि एम्युलेटरमध्ये (संगणकावरच्या नकली फोनवर) दोन्ही पोश्चर नीट आले. टायमर पण टिकतो, दहा-बारा वेळा उघड-मीट करून पाहिलं. बटण खरंच ४८ डीपीला फिक्स होतं, नि ओळीची उंची इंग्रजी मजकुरावर ठरवलेली, ती वाढवली तर रफार पूर्ण दिसायला लागले. ‘साहित्य’ केलं.

एक अडकलंय अजून. टेबलटॉपमध्ये खालच्या भागात मागे, पुढे, टायमर एवढंच ठेवलंय, मोठी मोठी बटणं, कारण बोटाला पीठ असतं. पण कृती वाचताना मधेच ‘हिंग किती’ हे बघायचं असतं आणि साहित्य दुसऱ्या पानावर आहे. बहीण म्हणते खाली यादी सरकवता येईल अशी द्यावी. मला वाटतं पिठाच्या बोटाने सरकवणं नकोच, त्या त्या पायरीला लागणारं प्रमाण वरच, कृतीच्या ओळीखाली दाखवावं. पण मग २०० जुन्या पाककृतींत प्रत्येक पायरीला साहित्य जोडत बसावं लागेल, तेवढं करायची माझी तयारी आहे. कुणी असं काही केलं असेल तर वरच्या भागात किती मजकूर मावतो, दोन हात लांबून वाचता येईल असा, ते सांगाल का? आत्याला चष्मा आहे आणि तो स्वयंपाक करताना ती काढून ठेवते.